लोकलच्या घड्याळावर भाड्याचं घर शोधताना

बदलापूर पश्चिमेचं माझं पहिलं भाड्याचं घर मी जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी बघितलं. ऊन छान येत होतं, नळाला पाणी होतं, गच्चीवरून डोंगर दिसत होते. "स्टेशन सात मिनिटं," एजंट म्हणाला. सात मिनिटं खोटी नव्हती, फक्त ती त्याच्या बाईकवरची होती आणि रविवारची होती. सोमवारी सकाळी तेच अंतर चालत अठरा मिनिटांचं झालं. पुलाच्या जिन्याला रांग होती आणि प्लॅटफॉर्मवर उतरेपर्यंत गाडी सुटली होती. जुलैत तळमजल्यावरच्या पंपाच्या खोलीत पाणी शिरलं आणि आम्ही तीन दिवस दुसऱ्या मजल्यावर बादल्या चढवल्या.

त्यानंतरच्या अकरा वर्षांत मी स्वतः चार घरं बदलली. मैत्रिणींसाठी आणि ऑफिसातल्या नव्या मुलांसाठी शोधली ती वेगळीच. फोर्टात, बीकेसीत (बांद्रा-कुर्ला संकुलात) किंवा अंधेरीत नोकरी, पगार तीस-चाळीस हजार, आणि मुंबईत भाडं परवडत नाही म्हणून कल्याण-बदलापूर, वसई-विरार किंवा पनवेलकडे बघायचं, अशा माणसासाठी हे लिहिते आहे.

आधी गाडी, मग गाव

बहुतेक जण आधी गाव ठरवतात. "डोंबिवलीत मामा राहतात, तिकडेच बघू." मामा राहू देत. आधी ऑफिसचं स्टेशन लिहा आणि तिथून मागे या.

फोर्टात काम असेल तर मध्य रेल्वेवर सीएसएमटीपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर, कल्याण ५४, बदलापूर ६८. पश्चिमेला चर्चगेट ते विरार ६०. हार्बरने पनवेल ४९, पण तिथल्या गाड्या धीम्या, म्हणून वेळ किलोमीटरच्या मानाने जास्त जातो. बीकेसीला जाणाऱ्याला मध्य रेल्वेवरून कुर्ला आणि पुढे शेअर रिक्षा, पश्चिमेवरून बांद्रा. 'मेट्रो ३' ही लाइन ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी सुरू झाली आणि वर्षभराने कफ परेडपर्यंत गेली, त्यामुळे त्या पट्ट्यातलं गणित थोडं बदललं आहे. सीप्झ किंवा अंधेरी पूर्वेला नोकरी असून घर कल्याणकडे घेतलंत, तर घाटकोपरला उतरून मेट्रो १ पकडावी लागते. संध्याकाळी सात वाजता घाटकोपरचा तो जिना एकदा बघून या आणि मग पश्चिम रेल्वेवरच्या वसई रोडकडे घर बघा, असा माझा सल्ला. ऐरोली-महापेवाल्यांना ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल आहे. त्यांनी कळवा, डोंबिवली किंवा थेट कोपरखैरणे-घणसोलीकडे बघावं. मुंबईत जायचंच नाही तर मुंबईच्या गर्दीत का शिरायचं?

यातली खरी मेख म्हणजे कुठल्या स्टेशनातून गाडी सुटते. डोंबिवलीहून, कल्याणहून, बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्या असतात. तुमच्या वेळेला तुमच्याच स्टेशनातून सुटणारी लोकल असेल तर बसायला जागा मिळण्याची आशा. नसेल तर मागून भरून आलेल्या गाडीत दारात घुसायचं. अंबरनाथची माणसं उलट्या दिशेने बदलापूरला जाऊन त्याच गाडीत बसून परत येतात ते यासाठीच, पण मग पास बदलापूरपर्यंतचा काढावा लागतो. दिवा स्टेशनकडे भाडी कमी दिसतात त्यामागेही ही गर्दी आहे. सकाळी तिथे फास्ट गाडीत पाय ठेवायला मिळेल याची खात्री नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं गाडीतून पडली, काहींचे जीव गेले. 'कमी भाड्यात भागवू' म्हणताना हे डोळ्यासमोर असू द्या.

उद्या येणाऱ्या मेट्रोचं भाडं आज देऊ नका. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. कल्याणचे एजंट तेव्हापासून "मेट्रो आलीच" म्हणताहेत.

टोकन, म्हणजे घर पक्कं करायची आगाऊ रक्कम, देण्याआधी कामाच्या दिवशी हा प्रवास दोनदा करा, एकदा सकाळी तुमच्या नेहमीच्या वेळेला आणि एकदा संध्याकाळी परत. घराच्या दारापासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत, घड्याळ लावून. दोन्ही मिळून साडेतीन तासांच्या वर जात असतील तर ते घर कितीही स्वस्त असो, मी सोडून देते. हा आकडा माझा आहे. तुमचा वेगळा असेल, पण तो आधी ठरवा.

भाडं बारा हजार, खर्च किती?

एक उदाहरण घेऊ. स्टेशनजवळ वन आरके, म्हणजे एक खोली आणि किचन, ₹१२,०००, आणि दोन किलोमीटर आत तसाच ₹१०,०००. आतल्या घरासाठी नवराबायको दोघांना रोज शेअर रिक्षा लागते. सीटचे २० रुपये धरले तर दोघांचे रोजचे ८० आणि महिन्याच्या २६ दिवसांचे ₹२,०८०. वाचवलेले दोन हजार रिक्षावाल्याकडे गेले, वर पावसात रांगेत उभं राहणं फुकट.

याखेरीज विचारायचं ते असं: मेंटेनन्स भाड्यात धरला आहे का? पाण्याचा टँकर आला तर वर्गणी कोण देतं? विजेचा मीटर स्वतंत्र आहे की मालकाने सबमीटर लावून युनिटला आपला दर ठरवला आहे? सबमीटरवाल्या घरात मी पुन्हा राहणार नाही.

पहिल्या दिवशी हातात लागणारी रक्कम लोक नेहमी कमी धरतात. ₹१२,००० भाडं आणि ₹५०,००० डिपॉझिट असेल, तर त्यात पहिल्या महिन्याचं भाडं, एक महिन्याची दलाली, कराराचा खर्च आणि टेम्पो मिळवा. ऐंशी हजारांच्या वर जातं. दलाली किती, ती कधी द्यायची आणि करार वाढवताना पुन्हा मागणार का, हे घर बघायच्या आधी फोनवर विचारा. घर आवडल्यावर विचारलं की भाव चढतो.

पाणी: नळातलं आणि रस्त्यावरचं

या पट्ट्यात घराची खरी परीक्षा पाणीच घेतं. नळाला किती वाजता येतं, किती वेळ येतं, कुठल्या वारी बंद असतं, हे एजंटला विचारून उपयोग नाही. तो "चोवीस तास" म्हणणार. चोवीस तास गच्चीवरच्या टाकीतून येतं, टाकीत कुठून येतं हा प्रश्न आहे. जिन्यात भेटेल त्या बाईला विचारा, "ताई, मे महिन्यात पाण्याचं कसं असतं हो?" ती हसली तर समजून घ्या. नालासोपारा-विरारकडे हा प्रश्न दोनदा विचारा.

आता दुसरं पाणी. २६-२७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. तेव्हा बदलापूर पश्चिमेच्या कितीतरी सोसायट्यांचे तळमजले बुडाले होते. नदीकाठची ती घरं आजही भाड्याने मिळतात, रंग देऊन. वसईकडे जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या, वस्त्या कित्येक दिवस पाण्यात राहिल्या.

खुणा शोधायच्या त्या तळमजल्यावर. पार्किंगच्या खांबांवर, जिन्याच्या भिंतीवर आडवी फिकट रेघ दिसते का बघा. खाली एक रंग, वर दुसरा. मीटरची पेटी माणसाच्या डोक्याच्याही वर बसवली असेल तर वॉचमनला सहज विचारा, "एवढी वर का?" त्याचं उत्तर ऐकून घ्या. समोरच्या वाण्याच्या दुकानात तांदळाची पोती लाकडी घडवंचीवर ठेवलेली असतात, ती घडवंची किती उंच आहे तेवढं बघितलं तरी पुरतं. मला दुसऱ्या घराच्या वेळी वाण्यानेच सांगितलं होतं, "मॅडम, पहिला माळा चालेल, तळमजला नको." एजंटपेक्षा त्याचे उपकार जास्त.

डोंबिवली एमआयडीसीच्या बाजूला घर बघत असाल तर रात्री दहानंतर एकदा तिथे जाऊन श्वास घ्या. दिवसा न येणारा वास रात्री येतो. मे २०२४ मध्ये तिथल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हा लांबच्या घरांच्याही काचा फुटल्या होत्या. कारखान्यापासून अंतर ठेवलेलं बरं.

इमारत उभी राहील ना?

जुनी इमारत धोक्याची आणि नवी सुरक्षित, असा आपला समज असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला कोसळलेली चार मजली इमारत पंधरा वर्षांचीही नव्हती. १७ माणसं गेली. एप्रिल २०१३ मध्ये शिळफाट्याजवळ पडलेल्या इमारतीचं तर काम चालू होतं, तिथे ७४ जण मेले. दोन्ही बांधकामं अनधिकृत होती. म्हणून वयाबरोबरच परवानगीही बघायची.

तीस वर्षांवरच्या इमारतीला कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. सेक्रेटरीला विचारा, झालं का, कधी झालं. पालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करते. त्यात सी-१ म्हणजे पाडायलाच हवी, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पहिल्या दोनांत नाव असेल तर आत पाऊलही टाकू नका. भाडं कमी का आहे याचं उत्तर त्या यादीत असतं.

नव्या इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का ते विचारा. रेरा नंबर, म्हणजे बांधकाम प्रकल्पाची सरकारी नोंदणी, तेवढा पुरत नाही. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्याच सुमारास नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या ४१ इमारतींवर पालिकेचे जेसीबी चालले. विकत घेणाऱ्यांचं तर आयुष्यच गेलं, पण भाडेकरूंनाही सामान रस्त्यावर काढावं लागलं. आणि डिपॉझिट मागायचं कुणाकडे? मालकाचंच घर गेलेलं.

भाडेकरूच्या हातातला सोपा कागद म्हणजे घरपट्टीचं बिल. त्यावर 'शास्ती' किंवा 'अनधिकृत' असा शेरा दिसला तर नमस्कार करून निघा. शेरा नसला म्हणून मात्र इमारत अधिकृत ठरत नाही, पालिका अनधिकृत घरालाही पट्टी लावते.

घराच्या आत शिरल्यावर हॉल नंतर बघा, आधी बाथरूमच्या मागची भिंत. नवा रंग असेल तर तळहात टेकवा. ओल असलेली भिंत गार लागते, आणि रंगाखाली लोणा धरलेला असेल तर बोटाला पांढरी भुकटी लागते. लोखंडी कपाट लावलंय ती भिंत मुद्दाम बघा, कपाट तिथे का हे कळतं. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक भेगांनी घाबरू नका. पण खांबाला उभी चीर गेली असेल, सिमेंट सुटून गंजलेल्या सळया दिसत असतील, तर ते घर नको. खिडक्यांना पूर्ण ग्रिल असेल तर आतून उघडणारी एक तरी खिडकी हवी. आग लागली आणि जिना धुराने भरला तर तीच वाट उरते.

आणि रात्री साडेनऊ-दहाला स्टेशनपासून घरापर्यंत चालत या. दिवे लागतात का, दुकानं किती वाजेपर्यंत उघडी असतात, शेअर रिक्षाची लाइन कितीला संपते. मुलींना मी हे सांगतेच, पण पगाराच्या दिवशी फोन हातात घेऊन चालणाऱ्या मुलालाही सांगते. गाडीत त्रास झाला तर रेल्वे पोलिसांचा १५१२ आणि रेल्वेचा १३९ हे दोन नंबर फोनमध्ये ठेवा.

पैसे कुणाला देताय?

मालकाचा विजेच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक मागून घ्या. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. सहा-सात महिने वापर शून्याच्या आसपास दिसला तर घर रिकामं का राहिलं ते विचारा. कारण कदाचित साधंच असेल. बिलावरचं नाव, घरपट्टीवरचं नाव, इंडेक्स टू (घराच्या खरेदी नोंदणीचा उतारा) किंवा सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नाव आणि समोर बसलेल्या माणसाचं आधार, हे सगळं जुळलं पाहिजे. वारसांचा, भावाभावांचा भानगडीचा मामला इथेच कळतो.

टोकन मालकाच्याच खात्यात, यूपीआयने, आणि लगेच मेसेज: कशाचं टोकन, किती, सौदा मोडला तर परत मिळणार की नाही. "मी सैन्यात आहे, बाहेरगावी पोस्टिंग आहे, चावी कुरिअरने पाठवतो, तुम्ही हा क्यूआर स्कॅन करा" अशी जाहिरात दिसली तर वाचून पुढे जा.

हेवी डिपॉझिटबद्दल थोडं सविस्तर, कारण यात शहाणी माणसं बुडालेली मी बघितली आहेत. चार-पाच लाख एकरकमी द्या, भाडं शून्य, मुदत संपली की पैसे परत, असा हा प्रकार. महिन्याचं भाडं सुटतं म्हणून गोड वाटतो. पण होतं असं: मधला माणूस मालकाकडून तेच घर साध्या भाड्याने घेतो, तुमच्याकडून लाखो रुपये हेवी म्हणून घेतो, मालकाला दोन-चार महिने भाडं भरतो आणि गायब होतो. मग मालक दारात उभा, "तुम्ही कोण?" माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याचे लग्नासाठी साठवलेले पैसे असेच गेले. एजंटचं ऑफिस भाड्याचं, बोर्ड रंगीत, फोन बंद. हेवी द्यायचंच असेल तर पैसे थेट मालकाच्या बँक खात्यात, करारात रकमेचा आकडा, करार नोंदवलेला आणि मालकाशी सोसायटीत समोरासमोर भेट झालेली. यातलं एक नसेल तरी नको. खरं सांगायचं तर हे सगळं असलं तरी मी देणार नाही. मालकाकडे परत द्यायला पैसे उरतील की नाही, हे कुठल्याच कागदावर दिसत नाही.

करार

"नोटरी करून घेऊ, सगळे तसंच करतात." हे वाक्य तुम्ही ऐकणारच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घरभाड्याचा नेहमीचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची, न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ₹५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. ही दोन वाक्यं मालकाला शांतपणे सांगितली की नोटरीचा विषय सहसा मिटतो.

खर्चाचा बाऊ करण्यासारखं काही नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ₹१२,००० भाडं गुणिले ११ म्हणजे ₹१,३२,०००. ₹५०,००० डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज धरायचं, ते साधारण ₹४,५८३. बेरीज ₹१,३६,५८३, त्याचा पाव टक्का साधारण ₹३४१. नोंदणी शुल्क पालिका हद्दीत ₹१,०००, ग्रामीण भागात ₹५००. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्यावर. घरी मशीन घेऊन येणारे लोक आपली फी वेगळी लावतात. खर्च कुणी द्यायचा की निम्मा-निम्मा, हे आधी ठरवा.

मसुदा मोबाइलवर वाचून अंगठा देऊ नका. प्रिंट काढा आणि या गोष्टी शोधा: नोटीस एक महिन्याची आणि दोघांनाही सारखी आहे का, लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिन्यांचं, करार वाढवला तर भाडं किती टक्क्यांनी वाढेल, पंखे-गीझर-दिवे यांची यादी जोडली आहे का, रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का. आणि डिपॉझिट कधी परत मिळणार? तिथे "घर सोडल्यानंतर" असं मोघम असेल तर खोडून "चावी देतेवेळी" लिहून घ्या. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल आणि तुम्ही एचआरएची (घरभाडे भत्त्याची) करसवलत घेत असाल तर मालकाचा पॅन लागतो. मार्चमध्ये मागितला की तो फोन उचलत नाही.

मालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, तीही ऑनलाइन होते. पोच पावतीची एक प्रत स्वतःकडे ठेवा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते. तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि तो मालकाचा खर्च आहे, तुमच्या माथी मारू देऊ नका. काही सोसायट्या बॅचलर, एकटी बाई, मांसाहार, आडनाव यावरून नाक मुरडतात. संताप येतो, पण भांडायचं असेल तर टोकन देण्याआधी भांडा. म्हणून पहिल्याच फोनवर मी स्पष्ट विचारते, "एकटी राहणार आहे, सोसायटीला चालतं ना?" निदान रिक्षाचे पैसे वाचतात.

चावी मिळाल्यावर

सामान आत येण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ, फुटलेली टाइल, कपाटाचा निसटलेला बिजागर. मीटरचं रीडिंग फोटोत येऊ द्या. तो व्हिडिओ त्याच संध्याकाळी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा, "ताबा घेतला तेव्हाची स्थिती" असं लिहून. माझ्या चौथ्या घराच्या मालकाने बाथरूमची तडा गेलेली काच माझ्या नावावर ₹२,५०० ला लावली होती. मी दोन वर्षांपूर्वीचा तो मेसेज वर सरकवून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि पूर्ण डिपॉझिटचा चेक लिहिला.

दाराचं लॅच बदला. जुन्या चाव्या किती जणांकडे आहेत ते मालकालाही ठाऊक नसतं. काढलेलं लॅच फेकू नका, पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. घर सोडताना परत बसवायचं आहे.